गुलअंदामच्या बोथट सुऱ्या

१४ मेहर

ही वही मलाहतनं दिलीय, साखरेचे आकडे लिहायला. रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, थेंब यंत्रात घालायचा आणि आकडा इथं मांडायचा. आकडे मांडून मला काय आता दुकान चालवायचंय? पण लेकीचा शब्द मोडवत नाही. तर लिहितो: आजचा आकडा बरा नाही. झालं. उरलेल्या पानावर मी मला हवं ते लिहिणार.

ती सुई फार टोचते म्हणे. शेजारची खावर खानुम तर नुसती बघूनच तोंड फिरवते. मला मुंगी चावल्याइतकंही होत नाही. मी आधीपासूनच टणक.

गुलअंदामचा चाळिसावा दिवस परवा झाला. पाहुणे पांगले, मागून आणलेले हंडे परत गेले, आणि काल मलाहतही कारजला तिच्या घरी गेली. बॅग उचलता उचलता म्हणाली, "बाबा, झंजानचा हिवाळा तुम्हाला एकट्याला झेपायचा नाही. घराला कुलूप लावा आणि चला माझ्याबरोबर." मी म्हटलं, "हे घर तुझ्या आईचं आहे. ती गेली म्हणून मी पण टाकून जाऊ होय?" ती रडली. मीही रडलो, पण ती गेल्यावर.

शेवटी आमचं ठरलं ते असं. यल्दा, म्हणजे आझर महिन्याच्या शेवटची, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, तोपर्यंत मी एकटा राहून दाखवायचं. स्वतः रांधायचं, स्वतः खायचं, घर नीट ठेवायचं. यल्दाला ती येईल, माझ्या हातचं जेवेल, आणि पटलं तर पुन्हा कारजचं नाव काढणार नाही. नाही पटलं तर मी मुकाट्यानं गाडीत बसायचं. शब्द दिलाय. बाजारात बैरामअलीचा शब्द कधी फिरला नाही.

१६ मेहर

आज टोमॅटो कापायला घेतला. साधा टोमॅटो! सुरी ठेवली, दाबली, तर तो चेंगरून बसला आणि बिया उडाल्या माझ्या सदऱ्यावर. दुसरी सुरी घेतली, ती पण तसलीच. तिसरी, मांसाची लांब सुरी, तिला तर कांद्यावर ओरखडाही काढता येईना. हसावं की रडावं! कुठून कुठून लोक झंजानला सुऱ्या घ्यायला येतात, आणि झंजानात राहून माझ्या घरातल्या सुऱ्यांनी लोणी कापायची पंचाईत.

गुलअंदाम, अगं, तू कशानं कापत होतीस गं? मला ताटात काकडी मिळायची ती कशी बारीक, एकसारखी. मी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर म्हणायचीस, "बाहेर व्हा, पुरुषांचं काय काम इथं!" आता ये आणि हाकल ना मला.

टोमॅटो तसाच तोंडात धरून खाल्ला. पाव होता, चीज होतं. पोट भरलं.

१९ मेहर

सुऱ्या फडक्यात गुंडाळून उस्ता शुकरुल्लाकडे गेलो. सुऱ्यांच्या बाजारात त्याचं दुकान आहे, बापापासूनचं. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. हा सुऱ्यांत गेला, मी कापडात. तोंड त्याचं अजून शाळेतलंच आहे.

"या या, मश्दी बैराम! कापड सोडून खाटीकखाना काढलास की काय?"

मशहदची यात्रा केल्यापासून सगळे मला मश्दीच म्हणतात. मी फडकं सोडलं. त्यानं एक सुरी दिव्याखाली तिरकी धरली, मग दुसरी, मग तिसरी. त्याची थट्टा थांबली.

"ही कुणी केली?"

"काय केली?"

"ही धार झिजलेली नाही रे. मारलेली आहे. सुरी उभी धरून कुणीतरी दगडावर घासलीय. तिन्ही. मुद्दाम."

"तोंड सांभाळ हं. माझ्या घरात गुलअंदामशिवाय सुरीला हात कोण लावत होतं?"

"मग विचार की जाऊन तिला," तो बोलून गेला. लगेच जीभ चावली, उठून माझ्या गळ्यात पडला, चहा मागवला. मी साखरेचा खडा दाताखाली धरून चहा प्यालो. एका खड्यानं काही होत नाही.

तो म्हणाला, ठेवून जा, चाकावर धार लावून देतो. मी म्हटलं, "नको. मला शिकव. यल्दाला लेक येणार आहे, तिला दाखवायचंय की बाप सगळं करतो." तो हसला. "तुला काय अवघड आहे? सगळा खेळ बोटांचा आहे, आणि तू तर आयुष्यभर कापड चाचपून बोटांचंच खाल्लंस."

मला बरं वाटलं. गुलअंदाम गेल्यापासून माझं कौतुक कुणी केलं नव्हतं.

२३ मेहर

पहिला धडा झाला. दगड आधी पाण्यात बुडवून ठेवायचा. मग ओल्या फडक्यावर बसवायचा, हलता कामा नये. सुरी जवळजवळ आडवी, पात्याखाली करंगळीचं टोक शिरेल एवढीच फट. एकच बाजू घासत राहायची. घासता घासता पलीकडच्या बाजूला खरखरीत कोर निघते. ती डोळ्यांना दिसत नाही. अंगठा पाठीकडून धारेकडे हलकेच सरकवला की लागते. लागली की सुरी उलटायची.

"कोर निघायच्या आधी थांबलास तर धार नाही," शुकरुल्ला म्हणाला. "आणि निघाल्यावर थांबला नाहीस तर सुरीच खाऊन टाकशील."

मी घासायला लागलो.

"निघाली?"

मी अंगठा फिरवला. गुळगुळीत. "नाही."

"आता?"

"नाही रे बाबा."

त्यानं सुरी ओढून घेतली आणि आपला अंगठा लावला. "अरे आंधळ्या, केव्हाची निघालीय! ही काय!"

मी परत लावला. काही नाही. पण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं आणि तो जोरात बोलत होता. मी म्हटलं, "हां हां, आता कळली." इतकी वर्षं धार लावून लावून त्याला नसलेलीही कोर लागत असेल. म्हाताऱ्यांचं होतं असं.

३० मेहर

रोज सकाळी सराव करतो. दगडाचा आवाज घरात घुमतो, तेवढीच सोबत.

आज येताना मुद्दाम आपल्या जुन्या दुकानावरून आलो. नव्या मालकानं काचा लावल्यात. आत जाऊन ताग्यांवर हात फिरवला. लोकरीवर, सुतीवर, त्याच्या त्या महागड्या रेशमावर. सगळं एकच. आजकाल कापडात जीवच राहिलेला नाही. ही तक्रार मी दुकान सोडायच्या आधीपासून करतोय, कुणी ऐकत नव्हतं. यंत्रावरचा माल, दुसरं काय.

दुकान मी काही त्यापायी सोडलं नाही. गुलअंदामचे गुडघे गेले होते. जिना चढवेना, पावाच्या रांगेत उभं राहवेना. एक दिवस म्हणाली, "तुम्ही घरी राहा हो आता. मला एकटीला नाही निभत." एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेलं ते एकच. मी पुढच्याच महिन्यात किल्ल्या दिल्या. त्यानंतर पाव मी आणला, बटाट्याच्या पिशव्या मी वाहिल्या, आणि रोज संध्याकाळी तिच्या गुडघ्यांना मलम चोळलं. हे मी चांगलं केलं. बाकी काय काय चुकलं असेल, पण हे चांगलं केलं.

८ आबान

कापला! टोमॅटो कापला! मधली सुरी नुसती ठेवली आणि ओढली, तर चकती अल्लद बाजूला पडली. कातडी सुटली नाही, बिया उडाल्या नाहीत. मी एकटाच ओरडलो, "गुलअंदाम, बघ!" आणि मग खुर्चीवर बसून राहिलो.

तेवढ्यात खावर खानुम सूप घेऊन आली. ओट्यावर सुऱ्या बघितल्या आणि तिचा चेहरा उतरला. "मश्दी, ह्यांना धार कुणी लावली?"

"कोण लावणार? मीच!"

"आणि हे रक्त?"

टोमॅटोचा रस म्हणत होतो मी, पण खरंच रक्त होतं. तर्जनीला लागलं होतं थोडं. शिकणाऱ्याला लागायचंच. ती म्हणाली, "उद्यापासून मी भाजी चिरून आणून देत जाईन. ह्या सुऱ्या द्या माझ्याकडे." मला राग आला. "का? मी लुळा झालोय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुलअंदामची आठवण झाली असणार तिला. दोघींचं फार होतं. दिवसातून दोनदा गुलअंदाम भाजीची टोपली घेऊन तिच्याकडे जायची आणि तासभर गप्पा मारून यायची. एवढं काय बोलायच्या, देव जाणे.

सूप छान होतं. मीठ जरा जास्त.

१९ आबान

बर्फ पडलं. पाव आणायला गेलो, गरम पाव हातावर घेऊन परत आलो, तर मागून खावरच्या हाका: "अहो मश्दी! चप्पल! तुमची चप्पल!" बघतो तर माझ्या एका पायात चप्पल, दुसरा पाय बर्फात उघडा, आणि ती गल्लीच्या तोंडाशी चप्पल उचलून उभी. सगळे हसले, मीही हसलो. चप्पल सैल झालीय. नवी घ्यायला हवी.

तिनं घरात येऊन पाय पुसायला लावले आणि तळवा बघितला. गुलअंदामला पण ती खोड होती. झोपायच्या आधी तेल चोळायच्या निमित्तानं माझे तळवे दिव्याकडे धरून निरखत बसायची. मी म्हणायचो, "काय गं, भविष्य वाचतेस की काय?" ती म्हणायची, "हो, उद्या तुम्हाला दोन बायका मिळणार आहेत." मग मी तिच्या गुडघ्यांना मलम लावायचो. असं आमचं चालायचं.

आज पलंगावर बसलो तर पायाशी कोणी नाही. फार वाईट वाटलं. दुसरं काही सुचत नाही लिहायला.

२ आझर

आज शुकरुल्लानं माझी अब्रू काढली. लांब सुरी दाखवायला नेली होती, शाबासकी मिळेल म्हणून. त्यानं ती त्याच जातीच्या नव्या सुरीशेजारी ठेवली. माझी बोटभर अरुंद झालेली.

"अरे, तू हिला खाल्लंस! कोर निघाल्यावर थांबायचं सांगितलं होतं ना? किती घासतोस?"

"लागेपर्यंत घासतो. लागतच नाही ती मेली."

त्यानं सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "हात दे." दिला. तळहात उलटा केला, बोटांची टोकं बघितली. इतक्या जखमा की त्यालाही मोजता आल्या नसत्या. मग एकदम म्हणाला, "ती बघ, तुझी मेहुणी चाललीय बाहेर." मी दाराकडे वळून बघितलं. कसली मेहुणी, एक म्हातारा हातगाडी ढकलत होता.

"काही वाटलं का?" त्यानं विचारलं.

"काय वाटायचंय? चेष्टा करायचं वय आहे का हे?"

त्यानं हातातली आरी गल्ल्यावर ठेवली. मुठीला भोकं पाडायची असते ना, ती. माझ्या अंगठ्यावर रक्ताचा ठिपका होता, सकाळचाच असेल.

त्यानंतर गंमत म्हणजे एक शिवी नाही की टोमणा नाही. बसवलं, चहा दिला, आपल्या हातानं कपात फुंकर घालून गार करून दिला. म्हणाला, "बैराम, बोटानं बघायचं सोडून दे. कागद धर आणि सुरी ओढ. सरकन आवाज आला की धार आली, फर्र झालं की नाही. कानावर जा, डोळ्यांवर जा. आणि घासताना दहा वेळाच घास, मग थांब. लागो न लागो." मी म्हटलं, बरं. मग त्यानं मलाहतचा फोन नंबर मागितला. यल्दाला तिला भेट म्हणून सुरी द्यायचीय म्हणे, मूठ कुठल्या रंगाची हवी ते विचारणार. जुना दोस्त तो जुना दोस्त.

मनातून त्याला माझं काम पसंत पडलं असावं.

१५ आझर

कागदाची युक्ती नामी आहे. सरकन! आता तिन्ही सुऱ्या सरकन जातात. काकडी, कांदा, बटाटा, सगळं करतो. काकडी गुलअंदामसारखी नाही होत, एक तुकडा जाड एक बारीक, पण होते.

मलाहतचा फोन होता. रोज करायला लागलीय हल्ली. "बाबा, काय कापलंत आज? हाताला काही झालं नाही ना? बघून सांगा. नीट बघून." मी म्हणतो, अगं, हात माझ्याकडेच आहे, झालं असतं तर मला कळलं नसतं का? ती परत तेच विचारते. कामाचा ताण असेल. तिला म्हटलं, यल्दाला जगूर-बगूर करतोय, तयार राहा. आईसारखं. कलेजी आणि काळीज अगदी बारीक चिरून, कांद्यावर परतून, आंबट आंबट. ती म्हणाली, "नका करू, बाबा. मी करते येऊन." मी म्हटलं, "ते काही नाही. तू पाहुणी."

हे घर वाचलं, गुलअंदाम. बघशील तू. तुझ्या पडद्यांना कुणी हात लावणार नाही.

२८ आझर

एकाच हातानं लिहितोय, वही सरकतेय. डावा मलाहतनं बांधून ठेवलाय.

रंगीत तालीम म्हणून आजच कलेजी आणली होती. यल्दाला फजिती नको. लांब सुरी कागदावर ओढून बघितली, सरकन. फळीवर कलेजी घेतली आणि बारीक चिरायला लागलो. निसटती असते ती, डाव्या हातानं घट्ट दाबून धरावी लागते. छान जमत होतं. गुणगुणतही होतो. मनात म्हटलं, आज कलेजीला रक्त जरा जास्तच आहे, खाटकानं फसवलं. फडक्यानं पुसलं, परत चिरलं, परत पुसलं.

दार वाजलं. म्हटलं, खावर असेल. हातात सुरी तशीच घेऊन उघडलं तर मलाहत. दोन दिवस आधीच. बॅग हातात, बुटांवर बर्फ. मी म्हणणार होतो, "ये गं, बरोबर वेळेवर आलीस," पण ती किंचाळली.

तर्जनी आणि मधलं बोट. तर्जनीचं टोक जवळजवळ सुटलेलं. मी बघितलं आणि मला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं. फळीपासून दारापर्यंत जमिनीवर थेंब होते. मी विचारलं, "कलेजी वाया गेली का?" हे मी खरंच विचारलं. आता लिहिताना लाज वाटते.

दवाखान्यात टाके घातले. डॉक्टर सुई घालताना म्हणाला, आजोबा, दुखेल. दुखलं नाही. मी छाती काढून बसलो होतो. मलाहत भिंतीकडे बघत होती.

घरी आल्यावर तिनं मला बुखारीच्या उबेत बसवलं, स्वतः समोर जमिनीवर बसली. "दुखतंय, बाबा?"

"नाही."

"थोडंसुद्धा नाही?"

"अगं, टणक कातडी आहे तुझ्या बापाची."

"कातडी टणक नाही, बाबा. तुमच्या बोटांतली जाणीव गेलीय. साखरेनं. पायातलीसुद्धा. खूप वर्षं झाली. डॉक्टरनं आईला सांगितलं होतं."

मला आधी कळेचना ती काय बोलतेय. मग विचारलं, "आणि मला?"

"आईनं मला शपथ घातली होती. म्हणाली, हा माणूस आयुष्यभर बोटांच्या जिवावर उभा राहिला. ह्याला सांगितलं की तुझी बोटं गेली, तर हा त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपेल तो उठायचा नाही. एकदा तुम्ही काकडी सोलताना अंगठा कापून घेतलात आणि तसेच बोलत राहिलात. त्याच दिवशी तिनं तिन्ही सुऱ्यांची धार मारून टाकली. भाजी चिरायला खावर मावशीकडे जायची. तीन आठवड्यांपूर्वी शुकरुल्ला काकांचा फोन आला, त्यांनाही कळलं होतं. म्हणून मी रजा मिळताच आले."

खावरला माहीत. शुकरुल्लाला माहीत. बोटं माझी, आणि मी सोडून सगळ्यांना माहीत.

"दुकान मी तिच्या गुडघ्यांसाठी सोडलं," मी म्हटलं.

मलाहतनं माझ्या पट्टीची गाठ उगाच सारखी केली.

"मलाहत. तिचे गुडघे."

"बाबा, तुम्ही लोकर म्हणून भलतंच कापड देत होतात. बाजारात लोक हसायला लागले होते. ते तुमच्या कानावर यायच्या आत तिला तुम्हाला घरी आणायचं होतं." मग अगदी हळू म्हणाली, "गुडघ्यांना काही झालं नव्हतं."

मला आधी संताप आला. लिहून ठेवतो, खोटं कशाला बोलू. चार वर्षं बायकोनं मला बनवलं! बटाट्याच्या पिशव्या वाहायला लावल्या! मी उठलो, खोलीत चालत राहिलो, गुलअंदामला नाही नाही ते बोललो.

मग ते मलम आठवलं. रोज संध्याकाळी मी धडधाकट गुडघ्यांना मलम चोळत होतो, काही न कळणाऱ्या हातांनी. आणि ती पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "आता बरं वाटतंय हं." कधी कधी तिचे डोळे भरून यायचे. मी विचारायचो, फार दुखतंय का गं? ती म्हणायची, हो. मी आणखी जोर लावायचो.

मी खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. मलाहतनं जवळ घेतलं. रडणं ओसरल्यावर मीच म्हटलं, "गाडी कधीची आहे?"

ती म्हणाली, "राहू द्या ना ते आता."

"नाही. शब्द म्हणजे शब्द. नाही पटलं तर गाडीत बसायचं ठरलं होतं. मलाच पटलेलं नाही."

३० आझर

यल्दा. मलाहतनं डाळिंब सोललं, कलिंगड कापलं. माझ्या घासांचे तुकडे करून दिले. खावर आली होती, शुकरुल्लाही आला. तो म्हणाला, "सुऱ्या माझ्या दुकानात ठेवतो, परत आलास की घेऊन जा." मी म्हटलं, बरं. परत यायचं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. जाताना त्यानं एक सणसणीत शिवी दिली आणि मिठी मारली. फार जपून मिठी मारत होता. त्यापेक्षा शिवी बरी होती.

५ दै

उद्या निघायचं. सामान बांधून झालंय, उरलंय ते गुलअंदामचं कपाट. मलाहत म्हणाली, "बाबा, आईचे कपडे मशिदीत द्यायचे. तुम्हाला काही ठेवायचं असेल तर सांगा."

मी पलंगावर बसलो. म्हटलं, "एकेक माझ्या हातात दे. मी डोळे मिटतो. जे ओळखेन ते ठेवू."

"बाबा, नको ना."

"दे म्हणतो ना. एवढं एक दे."

कपाटाचं दार कुरकुरलं. मांडीवर काहीतरी पडलं. मी उजवा हात फिरवला, मग डाव्या हाताची उघडी दोन बोटं. विचार केला. "हा तिचा तपकिरी कोट. मशहदच्या लोकरीचा. मीच बेतला होता."

"हो, बाबा," मलाहत म्हणाली.

मी घाईनं हात पुढे केला. दुसरं आलं. हलकं होतं. "ही तिची काळी, डोक्यावरून घ्यायची चादर. नमाजाला घ्यायची ती नव्हे, बाहेरची."

"बरोबर."

"बघ! अगदीच गेलेली नाहीत गं. थोडं आहे अजून!" मला इतका आनंद झाला की हसायलाच आलं. गुलअंदाम गेल्यापासून पहिल्यांदा हसलो असेन. तिसरं आलं. मी सावकाश चोळलं, चुरगळलं, गालाला लावलं. गालाला ते खरखरीत लागलं. पण बोटांवर विश्वास ठेवून म्हटलं, "हे रेशीम. लग्नातला रुमाल तिचा."

"हो, बाबा. तोच."

गालाला लागलं ते काही डोक्यातून जाईना. मी डोळे किलकिले केले. मांडीवर गादीवर घालायची जाडीभरडी चादर होती. तिच्या शेजारी एक उशीचा अभ्रा आणि टेबलपुसणं पडलेलं. मलाहत कपड्यांकडे बघतच नव्हती. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती, एका हातानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातानं कपाटात चाचपत होती.

मी डोळे परत मिटले.

"दे," म्हटलं, "पुढचं दे."